खबर वर जाते, खाली येत नाही

गेल्या वर्षभरात एक मत मी व्याख्यानांत ऐकलं, लेखांत वाचलं आणि परवा एका स्नेह्यानेही तेच ठासून सांगितलं. ते असं: आता उपग्रह आहेत, ड्रोन आहेत, रात्रीच्या अंधारात पाहणारे कॅमेरे आहेत. तेव्हा पायी गस्त, टेहळणीच्या तुकड्या, बटालियन आणि ब्रिगेडकडची गुप्तवार्तेची माणसं हा जुन्या काळचा पसारा आवरता घ्यावा. सगळी माहिती दिल्लीत एका छताखाली गोळा करावी, तिथल्या तज्ज्ञांनी ती संगणकावर चाळावी आणि लढणाऱ्या तुकड्यांना तयार उत्तर पाठवावं. दाखला म्हणून दर वेळी कारगिलचं नाव येतं. १९९९ साली वरून पाहणारा डोळा आपल्याकडे नव्हता म्हणून घात झाला, आणि एका मेंढपाळाचा याक हरवला म्हणून निदान मे महिन्यात तरी कळलं, असं सांगतात.

हे बोलणारी माणसं सैन्याचं भलंच चिंततात, यात मला शंका नाही. पण त्यांचं निदान चुकलं आहे. निदान चुकलं की औषध चुकतं, आणि या औषधाची किंमत पायदळातल्या पोरांना मोजावी लागते. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

सुरुवात त्या याकपासूनच करू. बटालिकजवळच्या गरकोन गावचे ताशी नामग्याल मे १९९९ च्या सुरुवातीला हरवलेल्या याकच्या शोधात डोंगरात गेले आणि त्यांना अनोळखी माणसं दिसली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ती सांगताना सूर असा लागतो की नशिबाने हात दिला. पण के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीच्या अहवालात या प्रसंगाबद्दल आणखी काही नोंदलं आहे. ३ मे रोजी बंजू भागात घुसखोर ज्या मेंढपाळांना दिसले, ते ब्रिगेडच्या गुप्तवार्ता पथकाकडून पुढच्या भागातली खबर आणण्यासाठी अधूनमधून वापरले जाणारे लोक होते. कारगिलच्या १२१ स्वतंत्र इन्फन्ट्री ब्रिगेडने त्या भागात गस्त पाठवली आणि ७ मे रोजी खात्री करून घेतली.

म्हणजे काय झालं? डोंगरात वावरणारा माणूस, त्याला ओळखणारं ब्रिगेडचं छोटं पथक, आणि त्याच्या शब्दावर पाहायला निघालेली पायी गस्त. ज्या साखळीला आज पसारा म्हणून मोडीत काढायला निघाले आहेत, तिनेच ती घुसखोरी पकडली. ती उशिरा पकडली हे खरं. पण उशीर झाला म्हणून ही साखळी मजबूत करायची, की उशिरा का होईना जे चाललं तेच काढून टाकायचं?

आता वरच्या डोळ्याविषयी. वरून पाहणारं कुणी नव्हतं हे विधानच चुकीचं आहे. हिवाळ्यात ठाणी रिकामी होत तेव्हा हवाई टेहळणीची ठरलेली मोहीम असे आणि त्या हिवाळ्यातही हेलिकॉप्टर उडत होती. तरी दिसलं का नाही, याची कारणं समितीने दिली आहेत: घुसखोरांचा परिसरात मिसळून जाणारा वेश, हेलिकॉप्टरच्या थरथरीमुळे नीट न्याहाळता न येणं, आणि उड्डाणांची वेळ व मार्ग आधीच ओळखता येण्याजोगे असल्यामुळे लपायला मिळालेली सवड. या तीन कारणांकडे नीट पाहा. पहिली दोन यंत्राने थोडीफार सुटतील. समितीने म्हणूनच चालकरहित विमानांची शिफारस केली आणि ती योग्यच होती. तिसरं कारण यंत्राचं नाही. कुठे पाहायचं, कधी पाहायचं, काय शोधायचं, हे ठरवणाऱ्या माणसाचं ते कारण आहे. ठरल्या वाटेने ठरल्या वेळी उडणारं ड्रोनही त्याच सवडीत फसेल. डोळा कुठे वळवायचा हे सांगायला शंका लागते आणि शंका त्यालाच येते, ज्याचा त्या डोंगराशी रोजचा संबंध आहे.

आणि सगळी माहिती दिल्लीत गोळा केली की काम भागेल म्हणणाऱ्यांनी त्याच अहवालातली आणखी एक नोंद वाचावी. जून १९९८ मध्ये गुप्तवार्ता विभागाने, म्हणजे आयबीने, नियंत्रणरेषेपलीकडच्या हालचालींबद्दल एक टिपण संचालकांच्या सहीने पाठवलं. ते देशातल्या सर्वोच्च जागी गेलं. पण ज्या तिघांचा त्याच्याशी सर्वांत जवळचा संबंध होता, ते रॉचे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्कराचे गुप्तवार्ता महासंचालक, यांना ते लिहिलेलंच नव्हतं. दिल्लीतल्या दिल्लीत ही कथा. मग कारगिलच्या ब्रिगेडपर्यंत, तिथून एखाद्या बटालियनपर्यंत त्यातलं काय पोहोचणार होतं? आपल्याकडे खबर वर जाण्याच्या वाटा चांगल्या रुंद आहेत. खाली परत येण्याची वाट मात्र पाऊलवाटेइतकीही राहत नाही. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती आहे.

नियंत्रणरेषेपलीकडे कोणत्या बटालियन आल्या, कोणत्या गेल्या, समोर नेमकं कोण आहे, याची १९९८ मधली खरी माहिती आपल्याकडे नव्हती. समितीने या त्रुटीला अतिशय गंभीर मानलं. बाहेरच्या माणसाला ही कारकुनी बाब वाटेल. बटालियनचे आकडे, त्यात काय एवढं? पण लढणाऱ्याच्या लेखी सगळं त्यातच असतं. समोर चार-सहा बंदूकधारी दहशतवादी आहेत, की तोफखान्याचा पाठिंबा असलेले पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक दगडी मोर्चे बांधून बसले आहेत, यावर चढाईला किती माणसं, कोणत्या बाजूने, तोफांचा मारा किती, हे सगळं ठरतं.

ते न कळल्याचं मोल काय झालं ते सांगतो. १५ मे रोजी काकसर भागात लेफ्टनंट सौरभ कालिया आणि चौथ्या जाट बटालियनचे पाच जवान गस्तीवर गेले. सहा माणसं. पुढे किती शत्रू बसला आहे याची कल्पना त्यांना कुणी देऊ शकलेलं नव्हतं. ते पकडले गेले, आणि जूनमध्ये परत आले ते त्यांचे छळ केलेले देह. द्रासच्या डोक्यावरच्या तोलोलिंगवर १८ ग्रेनेडिअर्सने मेच्या उत्तरार्धात चढाई सुरू केली तेव्हा वर थोडके घुसखोर असतील असाच अंदाज होता. शिखर हाती आलं १३ जूनला, सेकंड राजपुताना रायफल्सच्या हल्ल्यानंतर आणि तोफखान्याच्या प्रचंड माऱ्यानंतर. मधल्या तीन आठवड्यांत वर किती मोर्चे आहेत आणि मशीनगन कुठे आहे, हे आपल्याला माणसं गमावून समजलं. द्रासच्या स्मारकापाशी उभं राहून मान वर केली की तोलोलिंग इतका जवळ वाटतो की हात लावावा. खालचा रस्ता वरून कसा उघडा पडत असेल ते तिथे उभं राहिल्यावर दोन मिनिटांत उमगतं. त्या उतारावर आडोशाला झाड नाही.

याच दिवसांत आपल्या गुप्तवार्तेने एक असामान्य यशही मिळवलं. बीजिंगमध्ये असलेले परवेझ मुशर्रफ आणि रावळपिंडीतले लेफ्टनंट जनरल मोहम्मद अझीझ यांचं टेलिफोनवरचं संभाषण २६ आणि २९ मे रोजी टिपलं गेलं आणि ११ जूनला ते जगापुढे ठेवलं गेलं. या घुसखोरीमागे पाकिस्तानी सैन्य आहे हे त्यातून उघड झालं. केंद्रीय, तांत्रिक गुप्तवार्तेच्या बाजूने बोलणारे या टेपचा दाखला देतात आणि त्यांनी तो जरूर द्यावा. राजनैतिक लढाईत तिचं मोल फार मोठं होतं. पण तोलोलिंगच्या उतारावर पालथा पडलेल्या जवानाला त्या टेपने काय सांगितलं? डावीकडच्या खडकामागे मशीनगन आहे की उजवीकडच्या? काहीच नाही, आणि ते तिचं कामही नव्हतं. देशाला लागणारी माहिती वेगळी आणि कंपनी कमांडरला आज रात्री लागणारी माहिती वेगळी. पहिलीच्या यशावरून दुसरीची यंत्रणा अनावश्यक ठरवणं ही या साऱ्या युक्तिवादातली सर्वांत मोठी गफलत आहे.

कारगिलनंतर सुधारणा झाल्या. मंत्रिगटाने अहवाल दिला, २००२ मध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली, २००४ मध्ये राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना आली. या हव्याच होत्या. पण त्या कुठे उभ्या राहिल्या ते पाहा: सगळ्या वरच्या टोकाला. खालच्या टोकाला जे झालं त्यातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते म्हणजे जून २००० मध्ये लडाख स्काउट्सला पायदळाच्या पूर्ण रेजिमेंटचा दर्जा मिळाला. मेजर सोनम वांगचुक यांच्या नेतृत्वाखाली याच स्काउट्सनी चोरबत ला इथे घुसखोरांना रोखलं होतं. तिथलीच माणसं. बर्फ कधी फसवं असतं, कोणत्या नाल्याने माणूस येऊ शकतो आणि कोणत्याने नाही, हे त्यांना नकाशा न उघडता माहीत. बाकीच्या बटालियन काही काळाने बदलतात. दोन-अडीच वर्षांत मिळवलेली डोंगराची ओळख घेऊन निघून जातात आणि नवी बटालियन पाटी कोरी करून बसते. ही ओळख जागेवर ठेवणारी माणसं आणि नोंदी हव्यात, हा कारगिलचा धडा होता. त्याची चर्चा उपग्रहाच्या छायाचित्रांइतकी झाली नाही.

आता एक प्रसंग जवळून पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण अशी संध्याकाळ प्रत्येक पुढच्या ठाण्यावर होत असते. गस्त परत आलीय. जवान बूट सैल करताहेत, हातात चहाचे मग आहेत. बटालियनचा इंटेलिजन्स ऑफिसर, ज्याला सगळे आयओ म्हणतात, नकाशा पसरून एकेकाला विचारतोय. बहुतेकांचं उत्तर एकच: काही नाही साहेब. मग एक नाईक सहज म्हणतो की वरच्या धारेखाली बर्फ तुडवलेलं दिसलं. वाट खाली आपल्याकडे उतरत नव्हती, आडवी गेली होती, आणि जाताना-येताना दोन्हीकडची पावलं होती.

इथे अनुभवी आयओ पेन्सिल थांबवतो. घुसखोर आत शिरायला येतो तेव्हा त्याची पावलं एकाच दिशेची, उताराकडे जाणारी. ज्या पाऊलखुणा आडव्या आहेत आणि जातात तशा परतही येतात, त्या मुक्कामाच्या माणसाच्या. तिथे कुणीतरी रोज शिधा नाहीतर दारूगोळा वाहून नेतंय. शत्रू तिथून निघून गेलेला नाही, ठाण मांडून बसलाय. त्या एका वाक्यातून उद्याची सगळी कामं बदलतात: ड्रोन कुठे पाठवायचं, तोफखान्याचा निरीक्षक कुठे बसवायचा, पुढची गस्त किती माणसांची. १९९९ च्या मे महिन्यात पहिले कित्येक दिवस घुसखोरी आणि कब्जा यांतला हाच फरक आपल्याला करता आला नव्हता.

हेच दृश्य ड्रोनच्या थर्मल पडद्यावर पाहा. काळपट उतारावर सहा पांढरे ठिपके. मेंढ्या? गुराखी? सैनिक? या उंचीवर या महिन्यात मेंढ्या जात नाहीत, हे माहीत असलेला माणूस शेजारी असेल तर ठिपक्यांना अर्थ येतो. शेकडो किलोमीटरवर बसलेल्या विश्लेषकापुढे त्या रात्री असेच हजारो ठिपके असतात. संगणक त्यातले वेचून देईल, वेळ वाचवेल, वापरावा. पण काय नेहमीचं आणि काय वेगळं, हे ज्याने महिनोन्‌महिने तोच उतार पाहिलाय तोच खात्रीने सांगतो. त्याला बाजूला काढून चित्र कितीही स्पष्ट केलं तरी ते वाचणार कोण?

ज्यांना हे म्हणणं जुनाट वाटतं त्यांनी इस्रायलकडे पाहावं. गाझाच्या सीमेवर सुमारे पासष्ट किलोमीटर लांबीचं अत्याधुनिक कुंपण २०२१ अखेर पूर्ण झालं. कॅमेरे, संवेदक, दुरून चालणाऱ्या मशीनगन, सगळं त्यात होतं. तांत्रिक टेहळणीत त्या देशाची बरोबरी करणारे थोडेच. पडद्यासमोर बसणाऱ्या तरुण महिला सैनिकांनी, नाहाल ओझच्या तळावरच्या निरीक्षकांनी, ७ ऑक्टोबर २०२३ पूर्वी पलीकडे वेगळ्या हालचाली चालल्याचं वारंवार कळवलं होतं. त्यांना गांभीर्याने घेतलं गेलं नाही. हल्ल्याच्या सकाळी हमासने ड्रोनने कॅमेरे आणि मशीनगन निकामी केल्या आणि कुंपण अनेक ठिकाणी फुटलं. याच देशात पन्नास वर्षांपूर्वी, १९७३ च्या ऑक्टोबरात, दक्षिण विभागातल्या सिमान-तोव्ह या कनिष्ठ गुप्तवार्ता अधिकाऱ्याने इजिप्तचा सराव हे युद्धाच्या तयारीवरचं पांघरूण आहे असं लेखी कळवलं होतं आणि तेही अडवलं गेलं. दोन्ही वेळा खालच्या माणसाने पाहिलं होतं आणि ओळखलंही होतं. मधल्या मजल्यावर खबर मेली.

उपग्रह आणि ड्रोन यांनी रणांगण काचेसारखं पारदर्शक झालं, हेही सर्रास ऐकू येतं. जगातली सर्वांत दाट ड्रोन-टेहळणी आज युक्रेनच्या आघाडीवर आहे. तरीही ६ ऑगस्ट २०२४ रोजी युक्रेनचं सैन्य रशियाच्या कुर्स्क प्रांतात शिरलं तेव्हा रशिया गाफील सापडला. काच होती, तिच्यातून योग्य ठिकाणी, योग्य प्रश्न मनात धरून पाहणारं कुणी नव्हतं.

अमेरिकेचाही दाखला दिला जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकी लष्कराने आपल्या देशातल्या इन्फन्ट्री ब्रिगेडमधल्या टेहळणीच्या कॅव्हलरी तुकड्या मोडण्याचं जाहीर केलं. मोठ्या देशाने टेहळणी बंद केली, मग आपण का धरून बसायचं, असा सवाल येतो. सवाल करणारे पुढचं पान वाचत नाहीत. नव्या रचनेत तिथे ब्रिगेडकडे बहुविध टेहळणी कंपन्या उभ्या केल्या जाताहेत: ड्रोन चालवणारे, संदेशलहरी पकडणारे आणि पायी पुढे जाणारे स्काउट एकत्र, आणि सगळे ब्रिगेड कमांडरच्या हाताखाली. मोठं युनिट गेलं, टेहळणी गेली नाही. उलट ती लढणाऱ्याच्या आणखी जवळ आली.

आपल्या लष्कराची दिशाही तीच आहे. २६ जुलै २०२५ रोजी द्रासमध्येच लष्करप्रमुख जनरल उपेंद्र द्विवेदी यांनी रुद्र ब्रिगेड आणि भैरव बटालियनची घोषणा केली आणि पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन प्लाटून येत असल्याचं सांगितलं. बटालियनमध्ये! हे पाऊल मला मनापासून आवडलं आणि त्याचं स्वागत करतानाच मला काळजीही वाटते. प्लाटूनला ड्रोन मिळाली, पण त्यांनी आणलेलं चित्र वाचणारी बटालियनची इंटेलिजन्स सेक्शन तेवढीच लहान राहिली तर काय होईल? आयओची जागा बहुधा एखाद्या तरुण अधिकाऱ्याकडे जाते, तिला इतर दहा कामं चिकटतात आणि हात बसतो न बसतो तोच त्याची बदली होते. पुण्यात लष्करी गुप्तवार्तेचं प्रशिक्षण केंद्र आहे, देवळालीत तोफखान्याची शाळा आहे. लक्ष्य शोधायचं कसं आणि खबरीची पारख करायची कशी, हे शिकवणाऱ्या जागा आपल्या अंगणात आहेत. तिथून तयार झालेला माणूस बटालियनमध्ये पुरेसा काळ टिकला पाहिजे. त्याच्या हाताखाली स्थानिक भाषा जाणणारे, छायाचित्र वाचणारे, रेडिओ ऐकणारे लोक हवेत. ब्रिगेडच्या पथकाला ड्रोन मागायचा नव्हे, पाठवायचा अधिकार हवा. आणि खालून गेलेल्या प्रत्येक अहवालाला ठरल्या मुदतीत उत्तर यायला हवं, मग ते उत्तर ‘यात काही आढळलं नाही’ एवढंच का असेना. ज्याच्या खबरीला कधीच उत्तर येत नाही, तो हळूहळू खबर देणं सोडतो.

महाराष्ट्रात या विषयावर बोलायला लागलं की बहिर्जी नाईकांचं नाव निघतं. वेशांतर, साहस, एकट्याची करामत, या गोष्टींत आपण रमतो. मला त्यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. सभासदाच्या बखरीत सुरतेची खबर आणणारा म्हणून बहिर्जी येतो, तेव्हा तो ती खबर स्वारीचा निर्णय घेणाऱ्यालाच सांगतो. १६६४ च्या जानेवारीत मराठी फौज सुरतेवर पोहोचली ती त्या माहितीवर आखलेल्या मोहिमेनुसार. पाहणारा आणि ठरवणारा यांच्यामध्ये दफ्तर नव्हतं.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मला खरोखर भिडतो. हिवाळी गस्तीत हिमकडे कोसळून जवान जातात. तिथे यंत्र पाठवता येत असेल तर माणूस का पाठवायचा? बरोबर आहे. जिथे यंत्र पुरेल तिथे यंत्रच जावं, एकही जीव वाया जाऊ नये. पण यंत्राने आणलेल्या चित्राची शहानिशा न करता कंपनी चढाईला पाठवली, तर वाचवलेले जीव आपण तोलोलिंगसारख्या उतारावर दामदुपटीने गमावतो. गस्त कमी करा, पण ज्याने तो उतार पायाखाली घातलाय त्याला पडद्यासमोर बसवा. त्याला घरी पाठवू नका.

तेव्हा केंद्रीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी मला एवढंच समजावून सांगावं. समजा, ३ मे १९९९ रोजी बंजूच्या उतारावर आजचं उत्तम ड्रोन होतं आणि त्याने सहा माणसं स्पष्ट दाखवली. ती गावातली नाहीत हे दिल्लीतल्या कोणत्या खोलीत, कुणी, किती तासांत ओळखलं असतं? आणि ते उत्तर काकसरला निघालेल्या सहा जणांच्या हाती, ते ठाण्यावरून बाहेर पडण्याआधी, कोणत्या वाटेने पोहोचलं असतं?